सिलिंडरवरचा डी-२७, लोकलचा एस आणि इतर छापील गोष्टी (माहिती असेल तर टाका इथे)

पारावरचा_निवांत
लोकहो, धागा काढतोय, आधी असाच कुणी काढला असेल तर संपादकांनी खुशाल तिकडे हलवावा. विषय साधा आहे. घरात, रस्त्यावर, स्टेशनात इतके आकडे नि अक्षरं छापलेली असतात की विचारू नका, रोज नजरेखालून जातात पण वाचत कुणीच नाही. आणि अर्थ एकदा कळला की पुढे कायम उपयोगी पडतो. तर तसलं काही माहीत असेल ते इथे टाकायचं. अट एकच, वाचणाऱ्याला ते स्वतः बघून पडताळता आलं पाहिजे. "नासाने सांगितलंय" छाप काही नको, त्यासाठी फॅमिली ग्रुप आहेत.

सुरुवात मीच करतो. सिलिंडरच्या वरच्या रिंगखाली तीन उभ्या पट्ट्या असतात ना, त्यातल्या एकीवर आतून मोठ्या अक्षरात ए, बी, सी किंवा डी आणि पुढे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडे वर्षाचे. म्हणजे डी-२७ असेल तर तो सिलिंडर २०२७ च्या डिसेंबरपर्यंत चाचणीला जायला हवा. दुसऱ्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं, साधारण १५-१६ किलो, प्रत्येकाचं वेगळं. त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवायचे की भरलेल्याचं वजन. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असायलाच हवा, मागा बिनधास्त.

शंकेखोर
>>तो सिलिंडर २०२७ च्या डिसेंबरपर्यंत चाचणीला जायला हवा
म्हणजे गॅसची एक्सपायरी नव्हे ना? कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येतं की तारीख उलटलेला सिलिंडर म्हणजे घरात बॉम्ब.

पारावरचा_निवांत
गॅसची नव्हेच. गॅस काय नासतो होय. ती टाकीच्या तपासणीची मुदत. टाकी दाबाला टिकते का, व्हॉल्व्ह गळतो का हे ठरावीक वर्षांनी बघायचं असतं, ते पुढच्या वेळी कधी बघायचं त्याची तारीख. ३१ डिसेंबरच्या रात्री बाराला काही फुटत नाही. पण मुदत उलटलेला दारात आला तर परत पाठवायचा, दुसरा मागायचा, तो आपला हक्क.

सदाफुली
छान धागा! किती शिल्लक आहे ते बघायची माझ्या सासूबाईंची पद्धत सांगते. ओल्या फडक्याने सिलिंडर वरपासून खालपर्यंत पुसायचा आणि मिनिटभर थांबायचं. वरचा भाग लवकर वाळतो, खालचा ओला राहतो, ती जी रेघ दिसते तिथपर्यंत आत द्रवरूप गॅस आहे असं समजायचं. कारण जिथे द्रव आहे तिथला पत्रा गार राहतो. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी हे नक्की करते मी.

आणि गळतीचा वास आला तर काय ते पण लिहून ठेवा कुणीतरी, घाबरून लोक आधी दिवा लावतात.

बॅकबेंचर_८४
@सदाफुली, दिवा लावायचा नाही आणि लागलेला असेल तर बंदही करायचा नाही, बटणाला हातच लावायचा नाही कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते. एक्झॉस्ट फॅन पण नाही. रेग्युलेटर बंद, दारं खिडक्या उघडायच्या, आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो त्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार सताड उघडायचं. मग बाहेर येऊन १९०६ ला फोन. हा नंबर सगळ्या कंपन्यांच्या गॅसगळतीसाठी एकच आहे आणि चोवीस तास चालू. बाय द वे, गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, तो कुजकट वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा.

कर्जतकर_उभा
माझं योगदान मध्य रेल्वेबद्दल. मुंबईत नवीन आलेली मंडळी इंडिकेटरवर एस बघतात आणि त्यांना वाटतं स्लो. मग विद्याविहारला उतरायचं असतं आणि गाडी निघते जलद. तर गाडीच्या नावाच्या जागी जो एस असतो तो कर्जतचा! आणि एन म्हणजे कसारा. कल्याणनंतर लाइन फुटते, एक ईशान्येला कसाऱ्याकडे जाते आणि एक आग्नेयेला कर्जतकडे, त्या नॉर्थ-ईस्ट आणि साऊथ-ईस्टची ही अक्षरं. बाकी सोपी आहेत, के कल्याण, टी ठाणे, टीएल टिटवाळा, बीएल बदलापूर. स्लो-फास्टचं अक्षर शेजारी वेगळं असतं, तिकडे बघायचं.

शंकेखोर
आईशप्पथ, इतकी वर्षं प्रवास करून मला एन चा अर्थ माहीत नव्हता. वाचनखूण साठवली.

कोकणात_जाऊया
रेल्वेचा विषय निघालाच आहे तर गाडी नंबर. २०१० च्या डिसेंबरपासून सगळे नंबर पाच आकडी झाले, त्यात पहिला आकडा बघायचा. ० म्हणजे स्पेशल, १ आणि २ लांब पल्ल्याच्या, ५ पॅसेंजर, ६ मेमू (जवळ पल्ल्याच्या, विजेवरच्या), ७ डेमू (तशाच, डिझेलवरच्या), ९ मुंबईच्या लोकल. म्हणून गणपतीच्या जादा गाड्या सगळ्या ०१ वगैरेने सुरू होतात, आणि भाडं नेहमीपेक्षा जास्त का दिसतंय याचं उत्तर बऱ्याचदा त्या शून्यात असतं.

१२, २० किंवा २२ ने सुरू असेल तर सुपरफास्ट. कोकणकन्या पूर्वी १०१११ होती, आता २०१११. आपली तीच गाडी, तीच स्टेशनं, पण सुपरफास्टचा अधिभार लागतो, स्लीपरला ३० रुपये. मांडवी अजून १०१०३ च आहे. आणि जोडीतला एक नंबर जायचा, दुसरा यायचा. डेक्कन क्वीन मुंबईहून निघते ती १२१२३, पुण्याहून निघते ती १२१२४. बुकिंग करताना उलटी गाडी निवडणारे महाभाग आमच्या घरातच आहेत, नावं घेत नाही.

बॅकबेंचर_८४
सुपरफास्ट म्हणजे सरासरी ताशी ५५ किमी असली की झालं :D हे कळलं तेव्हा मला हसावं की रडावं समजेना.

अजून एक, डब्याच्या बाजूला जो पाच-सहा आकडी नंबर असतो त्याचे पहिले दोन अंक म्हणजे डबा बनला ते वर्ष. स्टेशनवर गाडी थांबली की आम्ही पोरांबरोबर "तुझा डबा माझ्यापेक्षा म्हातारा" खेळतो.

कर्जतकर_उभा
आणि शेवटच्या डब्यावर मागच्या बाजूला मोठा पिवळा फुलीचा एक्स. तो असतो म्हणजे गाडी अख्खी गेली, मधेच डबे सुटून राहिले नाहीत. स्टेशनवरचा माणूस तेवढ्यासाठी मागचा डबा जाईपर्यंत उभा असतो. रुळांच्या कडेला सी/फा लिहिलेली पिवळी पाटी दिसते ती ड्रायव्हरसाठी, पुढे फाटक आहे, शिट्टी वाजव.

झणझणीत
लई भारी धागा भावा. रस्त्याचं कुणी बोलना झालंय, मग मी बोलतो. हायवेचे नंबर २०१० साली बदलले तेव्हा आमच्याकडं सगळी नुसती वैतागली हुती, एनएच ४ चा ४८ झाला, मुंबई-गोवा १७ चा ६६ झाला, कशाला म्हणून. पण त्यात हिशोब हाय बगा. सम आकडे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना, विषम आकडे पूर्व-पश्चिम. सम आकडे पूर्वेकडनं पश्चिमेकडं वाढत जातात. म्हंजे बंगालच्या उपसागराच्या कडंनं चेन्नई-कोलकाता १६, मधनं नागपूरवरनं जातोय तो ४४, आन अरबी समुद्राच्या कडंचा ६६. विषम आकडे उत्तरेकडनं दक्षिणेकडं वाढतात.

तीन आकडी नंबर असला तर शेवटचे दोन आकडे बघायचे, त्यो त्या रस्त्याचा फाटा. रत्नागिरी-कोल्हापूर १६६, म्हंजे ६६ चा. बेळगाव-पणजी ७४८, म्हंजे ४८ चा. येवढं ध्यानात ठेवलं की मॅप न बघता सुदा अंदाज येतोय.

वऱ्हाडी_ठेचा
वा भाऊ, आमच्या नागपूरवरून जाते तो ४४ म्हणजे पार श्रीनगर ते कन्याकुमारी. देशातला सगळ्यात लांब हायवे आहे तो, इथं कोणाला कौतुकच नाही.

मैलाच्या दगडाचं राहिलं ना. वरचा भाग पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य महामार्ग, नारिंगी म्हणजे गावाकडचा रस्ता, पंतप्रधान ग्रामसडकवाला. रात्री रस्ता चुकला, नेटवर्क गेलं, तर दगडाचा रंग पाहून एवढं तरी कळते की आपण मोठ्या रस्त्यावर आहो का कोणाच्या वावरात चाललो.

टपालखुणा
आमच्या खात्याचा विषय अजून कुणी काढला नाही म्हणून आश्चर्य वाटलं, म्हणून लिहितो (टपाल खात्यातून निवृत्त).

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो आखणारे गृहस्थ मराठी होते, श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रात दळणवळण मंत्रालयात मोठ्या पदावर आणि शिवाय संस्कृतचे कवी. गरज का पडली तर आपल्याकडे एकाच नावाची गावं ढिगाने. वडगाव म्हटलं तर कुठलं? पिंपळगाव कुठलं? त्यात पत्ता लिहिणारा एका भाषेत लिहिणार, वाचणारा दुसऱ्या भाषेतला. आकड्यांना ही अडचण नाही.

पहिला आकडा विभाग: १-२ उत्तर, ३-४ पश्चिम, ५-६ दक्षिण, ७-८ पूर्व, आणि ९ लष्कराचं टपाल. पहिले तीन आकडे मिळून वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन त्यातलं पोस्ट ऑफिस. मुंबई ४००, पुणे ४११, नाशिक ४२२, नागपूर ४४०. गोव्याचा वेगळा विभाग नाही, ते आपल्याच रांगेत ४०३ वर. म्हणून सावंतवाडी ४१६५१० आणि सीमा ओलांडली की पेडणे ४०३५१२. बेळगाव मात्र दक्षिणेत, ५९०. पत्त्यातला पिन आणि गाव जुळतंय का हे पहिल्या तीन आकड्यांवरून बसल्या जागी कळतं. कुरिअरवाले आणि ऑनलाइन खरेदी करणारी तरुण मंडळी शेवटचा आकडा चुकवतात आणि मग पार्सल शेजारच्या पोस्टाच्या हद्दीत फिरत बसतं.

सदाफुली
काका, हे वेलणकरांचं माहीतच नव्हतं. शाळेत का शिकवत नाहीत!

बॅकबेंचर_८४
यालाच जोडून. चेकच्या तळाशी ती विचित्र अक्षरातली आकड्यांची ओळ असते त्यात नऊ आकडी एमआयसीआर कोड असतो, तीन शहराचे, तीन बँकेचे, तीन शाखेचे. शहराचे तीन म्हणजे पिनकोडचेच पहिले तीन, पुण्याच्या चेकवर ४११ दिसेल, बघा काढून. आयएफएससी कोड अकरा अक्षरी, त्यात पाचवं नेहमी शून्य, इंग्रजी ओ नव्हे. फॉर्म परत येण्याचं निम्मं कारण तो ओ असतो. चेक तीन महिन्यांनी शिळा होतो, २०१२ च्या एप्रिलच्या आधी सहा महिने चालायचा, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात अजून सहाच बसलंय.

पॅन कार्डावरचं चौथं अक्षर माणसाला पी, कंपनीला सी, ट्रस्टला टी. पाचवं तुमच्या आडनावाचं पहिलं. लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन नंबर तोच राहतो, त्यामुळे ते अक्षर माहेरचंच राहतं, त्यात काही चूक नाही, उगाच दुसरं पॅन काढू नये, दोन पॅन ठेवणं बेकायदा आहे.

उत्साही_मूर्ती
मी पण टाकतो, ग्रुपवर आलेलं आहे, खूप उपयोगी:
१) टूथपेस्टच्या ट्यूबच्या शेपटीला हिरवा चौकोन म्हणजे नैसर्गिक, काळा म्हणजे पूर्ण केमिकल.
२) बारकोड ८९० ने सुरू म्हणजे माल भारतात बनलेला, ६९० म्हणजे चीनचा.
३) प्लास्टिक डब्याच्या तळाला त्रिकोणात १ असेल तर एकदाच वापरा, ५ असेल तर पाच वेळा.
४) भाजीत मीठ जास्त झालं तर बटाटा टाका, मीठ शोषून घेतो.

शंकेखोर
मूर्ती, चारपैकी चारही चूक. धागाकर्त्याने पहिल्याच पोस्टमध्ये अट घातली होती बरं का. एकेक घेऊ.

ट्यूबवरचा रंगीत ठोकळा मशीनसाठी असतो. ट्यूबच्या लांब पट्टीतून एकेक तुकडा नेमका कुठे कापायचा नि चिकटवायचा हे सेन्सरला कळावं म्हणून ती खूण, पाकिटाच्या बाकी रंगांवर उठून दिसेल असा कुठलाही रंग देतात. बिस्किटाच्या पुड्याच्या कडेला पण असते, बघ.

८९० म्हणजे तो बारकोड भारतातल्या संस्थेकडून घेतलेला आहे, बस्स. माल कुठेही बनलेला असू शकतो. कुठे बनला ते पाकिटावर शब्दांत छापलेलं असतं, ते वाचायचं.

त्रिकोणातला आकडा म्हणजे प्लास्टिकची जात. १ पेट, पाण्याच्या बाटलीचं. २ आणि ४ पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरिन, ७ इतर सगळं. भंगारवाल्याला, रिसायकलवाल्याला निवडायला उपयोग. गरम खाण्यासाठी यातल्या त्यात ५ बरं, तेही डब्यावर मायक्रोवेव्हचं चित्र असेल तर.

सदाफुली
आणि बटाट्याचं मी सांगते. बटाटा रस्सा शोषतो, त्यातलं मीठही त्याच प्रमाणात आत जातं, उरलेला रस्सा तितकाच खारट. फरक पडल्यासारखा वाटतो कारण बटाट्याने भाजी वाढली. मग कणकेचे गोळे, पाणी, दाण्याचं कूट, खोबरं काहीही वाढवा, तोच परिणाम. गूळ-आमसुलाने खारटपणा जिभेला कमी जाणवतो, ते वेगळं.

अवांतर: हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो आणि आपण घाबरतो. घाबरू नका, साबण अल्कली असल्यामुळे रंग बदलतो, धुतला की परत पिवळा. मग कपडा सरळ कडक उन्हात टाकायचा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. ब्लीच नको.

पारावरचा_निवांत
ताई, धागा छापील गोष्टींचा आहे :) पण हळदीचं राहू द्या, कामाचं आहे. मूर्तीभाऊ, रागावू नका, तुमच्यामुळेच धागा रंगला.

उत्साही_मूर्ती
छे हो, राग कसला. आता हेच सगळं ग्रुपवर टाकतो, बघू किती जण ग्रुप सोडतात.

गोळ्यावाल्या_ताई
केमिस्ट आहे, तीन गोष्टी सांगते, प्लीज पाळा.

गोळ्यांच्या पानाच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. अँटिबायोटिक्स बहुतेक सगळी यात येतात. गिऱ्हाईक येतं नि म्हणतं मागच्या वेळी यांनी बरं वाटलं होतं, द्या दोन. नाही देणार.

एक्सपायरीला नुसता महिना-वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. ८/२७ म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत.

आणि अर्धं पान घेत असाल तर "तारखेची बाजू ठेवून कापा" म्हणून सांगा. नाहीतर घरी दोन महिन्यांनी बिनतारखेच्या चार गोळ्या सापडतात आणि त्या कशाच्या हेही कळत नाही. दोघांना तारखेची बाजू कशी मिळणार हे विचारू नका, मी कापते तेव्हा दुसऱ्याला पेनाने लिहून देते.

शंकेखोर
खाण्याच्या पाकिटावर "बेस्ट बिफोर" नि "एक्सपायरी" यात काय फरक?

गोळ्यावाल्या_ताई
बेस्ट बिफोर म्हणजे तोपर्यंत चव, कुरकुरीतपणा वगैरे कंपनी म्हणते तसं राहील. त्यानंतर लगेच विष होत नाही. एक्सपायरी किंवा यूज बाय लिहिलं असेल तर त्यानंतर खाऊच नका. आणि चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहारी हे सगळ्यांना माहीत आहे, मांसाहारीला पूर्वी तपकिरी ठिपका होता, आता तपकिरी त्रिकोण आहे. रंगांधळ्या माणसाला दोन ठिपक्यांत फरक कळायचा नाही, आता आकारावरून कळतो. नुसतं अंडं असलं तरी त्रिकोणच, दूध असेल तर हिरवा ठिपका.

सदाफुली
पाकिटावर एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात "युनिट सेल प्राइस" पण असते, ग्रॅमला किती पैसे. मोठा पॅक स्वस्त पडतो हा आपला गैरसमज किती वेळा निघतो ते सुपरमार्केटात एकदा बघाच. बिस्किटं आणि शांपूत तर हमखास, लहान पुडा नि सॅशे स्वस्त पडतात बऱ्याचदा.

झणझणीत
शांपूच्या पुड्यांची माळ घेणारी आमची आजी मग हुशारच म्हणायची.

वऱ्हाडी_ठेचा
प्लगची तिसरी पिन लांब अन् जाड काहून असते, सांगा बरं कोणी?

बॅकबेंचर_८४
ती अर्थिंगची. लांब असते म्हणून प्लग घालताना सगळ्यात आधी लागते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते, म्हणजे करंट असेपर्यंत अर्थिंग असतंच. जाड अशासाठी की चुकून बाकीच्या भोकात जाऊ नये. दोन पिनवाल्या प्लगसाठी वरच्या भोकात पेन्सिल खुपसून झडप उघडणारे जे कारागीर लोक आहेत त्यांनी कृपया अडॅप्टर घ्यावा, तीसेक रुपयांना मिळतो.

नथीचा_आकडा
सोन्याचं कुणी सांगेल का? मुलीसाठी घ्यायचंय, दुकानदार म्हणाला हॉलमार्क आहे, भिंगातून दाखवलं पण मला नुसते किडे दिसले.

गोळ्यावाल्या_ताई
तीन खुणा बघायच्या. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) त्रिकोणी लोगो, शुद्धता आणि सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक. शुद्धतेचं: २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५. एचयूआयडी प्रत्येक दागिन्याला वेगळा, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय दुकानदाराला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. फोनवर बीआयएस केअर ॲप घ्या, त्यात तो नंबर दुकानातच टाका.

बॅकबेंचर_८४
+१, आणि ॲपमध्ये नुसतं "बरोबर आहे" बघून थांबू नका. तिथे दागिन्याचा प्रकार पण दिसतो. हातात बांगडी आणि ॲपमध्ये अंगठी दिसली तर नंबर दुसऱ्याच दागिन्याचा मारलाय. बिलावर सोन्याचं वजन, कॅरेट, घडणावळ आणि हॉलमार्किंगचं शुल्क वेगवेगळं लिहून घ्या.

नथीचा_आकडा
थँक्यू दोघांना. आईच्या जुन्या पाटल्या आहेत त्यावर काहीच छापलेलं नाही, त्यांचं काय?

गोळ्यावाल्या_ताई
वापरायला, ठेवायला, विकायला काही अडचण नाही, सक्ती दुकानदाराने विकताना आहे, तुमच्यावर नाही. फक्त मोडायच्या असतील तर आधी हॉलमार्किंग केंद्रात शुल्क भरून शुद्धता तपासून घ्या आणि तो कागद घेऊनच पेढीवर जा, नाहीतर तो सांगेल तेवढे कॅरेट. केंद्रांची यादी बीआयएसच्या वेबसाइटवर आहे.